पन्नाशीनंतर साखर आणि वजन: चालायचं की ताकदीचा व्यायाम करायचा?

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.७ ते ६.४ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलात, की पहिला सल्ला मिळतो, ‘चालायला लागा’. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. चालणं आणि ताकदीचा व्यायाम यांची कामं वेगळी. आठवड्याला दोन-तीनच तास मिळणार असतील, तर आधी काय हे रिपोर्ट आणि पायांतली ताकद पाहून ठरवावं. वजनकाटा इथे फसवतो.

जेवणानंतरची साखर चढत असेल तर चालणं सरस. जेवून अर्ध्या तासाच्या आत उठावं आणि १५ मिनिटं चालावं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो, म्हणून इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी याचा उपयोग होतो. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला सकाळच्या सलग ४५ मिनिटांपेक्षा तिन्ही जेवणांनंतरची १५-१५ मिनिटं जास्त उपयोगी ठरतात.

वजनाच्या बाबतीत मात्र चालण्याकडून फार मोठी आशा नको. अर्धा तास चालून जेमतेम शंभर-सव्वाशे कॅलरी जादा खर्च होतात, आणि एक किलो चरबीत सात हजारांहून अधिक कॅलरी असतात. हिशेब तुम्हीच करा. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

ताकदीच्या व्यायामाची बाजू सावकाश पण खोलवर काम करते. इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलली जाणारी बहुतेक साखर स्नायूंत जाते, आणि वयाबरोबर हे कोठारच आक्रसत जातं. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. पुढे वजन परत चढतं तेव्हा बहुतांशी चरबीच परत येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांवरच्या १६० लठ्ठ व्यक्ती होत्या; त्यांतल्या व्यायाम करणाऱ्या गटांचं वजन आहारानेही कमी केलं गेलं. चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के घटलं, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं २ टक्के. दोन्ही करणाऱ्यांची शारीरिक क्षमता सर्वाधिक सुधारली.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून: खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला रेटून दंड, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, टाचा उचलणं, डंबेल खांद्यावर नेणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन सेट. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारावा सहज झाला तर वजन वाढवा. बहुतेकांचं इथेच बिनसतं: तेच एक किलोचं डंबेल वर्षभर हलवत राहतात. दुसरी चूक म्हणजे श्वास रोखणं, त्याने रक्तदाब उसळतो. जोर लावताना श्वास सोडा. प्रथिनं कमी पडली तर मेहनत निम्मी वाया जाते. शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

निवड करायला सोपी कसोटी: हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ किंवा स्त्रियांना १२ पेक्षा कमी जमलं, तर आधी ताकद. संख्या ठीक असून पोट सुटलेलं आणि जेवणानंतरची साखर जास्त असेल तर चालण्यापासून सुरुवात करून महिन्याभराने दुसरं जोडा. गुडघा चालू देत नसेल, तर बसून करायचा पट्ट्याचा व्यायाम.

इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास व्यायामाआधी साखर मोजा. ९० पेक्षा कमी असेल तर आधी थोडं खा. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल तर तपासणीशिवाय जड वजन उचलू नका; पावलं बधिर असतील तर चालून आल्यावर रोज तळवे पाहा. जोरकस ताकदीच्या व्यायामानंतर लगेच साखर थोडी चढलेली दिसू शकते, त्याने बिचकू नका.

दोन्हींचा साखरेवरचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. एचबीए१सी तीन महिन्यांनी तपासा. तोवर दर पंधरवड्याला कमरेचा घेर आणि खुर्चीची ऊठबस मोजत राहा.