छतावरचं सोलार आणि इलेक्ट्रिक स्कूटर: अमळनेरहून अभिप्राय

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण सोलार बसवणाऱ्याचा कापला, तो का ते पुढे सांगते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. घर अमळनेरला, शाळा पारोळ्याच्या बाजूला, जाऊन-येऊन 40 किलोमीटर. धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, 3 किलोवॉटचं सोलार आणि दारात 3 युनिट बॅटरीची स्कूटर आहे. दोन्हींचा अभिप्राय एकत्र लिहिते, कारण एकाशिवाय दुसऱ्याची खरी किंमत कळत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं.

स्कूटर रोजच्या फेरीला प्लगमधून साधारण दीड युनिट घेते, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून. जुनी पेट्रोलची गाडी लिटरला 45 द्यायची. लिटरभर पेट्रोलमध्ये जवळपास 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे त्याच रस्त्याला 8 युनिट जळत होते. त्यातली पाव चाकापर्यंत पोचायची, बाकीची सायलेन्सर आणि इंजिन तापवण्यात जायची. छतावर दिवसाला सरासरी 12 युनिट तयार होतात. स्कूटरला देऊन पंखे, फ्रिज, मोटर सगळं चालतं.

धाकट्या बहिणीचं सासर शहाद्याकडे, घरचा ऊस कारखान्याला जातो. तिचे यजमान मला म्हणाले, "ताई, तुमनी गाडी ऊनवर चालस, मनी ऊसवर!" खरं आहे, पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. मग आम्ही दोघांनी वहीवर हिशोब मांडला. एकरी 40 टन ऊस, सगळ्या रसाचं इथेनॉल केलं तर टनाला 70 लिटर, म्हणजे 2,800 लिटर. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून लिटरला 30 किलोमीटर धरले. एका एकरावर स्कूटर 80 हजार किलोमीटरच्या थोडी पुढे जाते. आता तोच एकर पॅनेलला द्या. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला 15 लाखांच्या आसपास युनिट निघतात. एकरी 3 लाख युनिट, त्यावर स्कूटर 80 लाख किलोमीटर! शंभरपट. शिवाय उसाला पाणी लागतं ते वेगळंच. कारण साधं आहे: ऊस उन्हातली एखादा टक्का ऊर्जा धरून ठेवतो आणि त्यातलीही पावच इंजिनातून चाकापर्यंत पोचते, पॅनेल मात्र 20 टक्के धरतं. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

हायड्रोजनबद्दल मुलं फार विचारतात. सौर विजेचे 100 युनिट घेऊन पाण्यातून हायड्रोजन काढला, दाबून टाकीत भरला आणि गाडीत त्याची पुन्हा वीज केली, तर चाकाला 25 ते 30 मिळतात. बॅटरीतून 75 ते 80. स्कूटरसाठी हा द्राविडी प्राणायाम कशाला?

साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांना मात्र मी मनापासून मान देते. वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त ऊर्जा कोणतंच पातं काढू शकत नाही, चांगल्या पवनचक्क्या 40च्या आसपास पोचतात. खाली बाजरी पिकत राहते. आणि आषाढात ढगांनी माझं सोलार निम्म्यावर येतं, तेव्हाच तिथे वारा जोरात असतो.

आता खान्देशातल्या उन्हाबद्दल. सगळ्यांना वाटतं मे महिन्यात सोलार सर्वांत जास्त चालत असेल. तसं होत नाही. पारा 44-45 वर गेला की पॅनेल 65 अंशांच्या वर तापतं, आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे 14-15 टक्के गेलेच. म्हणून पॅनेलखालून वारा खेळला पाहिजे. आमचा बसवणारा लोखंड वाचवायला सांगाडा अगदी स्लॅबलगत ठोकायला निघाला होता, भांडून उंच करून घेतला. अर्धा गुण तिथे गेला. धाब्याचा अर्धा भाग मोकळा ठेवायलाही आवर्जून सांगा, नाहीतर बिबडे वाळवायचे कुठे? धूळ पहाटे धुवावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

बॅटरीलाही ऊन सोसत नाही. सकाळची शाळा असली की मी दुपारी घरी येते, गाडी तासभर सावलीत निवू देते, मग प्लग लावते. तेव्हा थेट छतावरची वीज जाते. रात्री लावली तरी नेट मीटरमुळे (तो तारेत दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करतो) बिल फारसं वाढत नाही, पण तारेतून येणारी वीज दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून केलेलीही असू शकते. जमेल तितकं दिवसा चार्जिंग करा.

रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीला जाणाऱ्या ट्रकला एवढ्या लांब पल्ल्यावर बॅटरी आज पुरत नाही, तिथे इथेनॉल किंवा बायोगॅसला जागा आहे. पण रोज 40-50 किलोमीटर फिरणारे शिक्षक, नर्सताई, वसुलीवाले यांनी स्वतःचं छत असेल तर आधी सोलारचा अर्ज भरावा आणि नेट मीटर लागल्यावर गाडी घ्यावी.