रिफ गुणगुणून बघा

मागच्या महिन्यात भाच्याने मला एक अल्बम ऐकायला दिला. डेफहेवन या बँडचा 'सनबेदर', २०१३ साली आलेला. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर बारीक अक्षरं, कुठे कवटी नाही की आग नाही. "मावशी, हे हेवी मेटल आहे की नाही ते तू सांग. आमच्यात यावरून रोज भांडणं होतात." मी म्हटलं, आठ दिवस दे. त्याला वाटलं मी टाळतेय. पण पस्तीस वर्षं जे संगीत ऐकलं, त्यातली बारा वर्षं ज्याची रिदम गिटार वाजवली, ते नक्की काय आहे हे मी कधी कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून कपाटातून माझे आवडते सात अल्बम काढले आणि त्याच्या आठव्याबरोबर पुन्हा ऐकायला बसले.

आवाज मोठा असला की मेटल, हे खरं नाही. वेग, काळे कपडे, केस, भुतंखेतं, यांतलं काहीही नसलेलं मेटल मी ऐकलंय आणि हे सगळं असूनही मेटल नसलेलंही ऐकलंय. माझी कसोटी साधी आहे. गाणं संपल्यावर तुमच्या तोंडातून काय निघतं? बहुतेक गाण्यांत गायकाची चाल निघते, धृपद निघतं. मेटलमध्ये गिटारची रिफ निघते. रिफ म्हणजे दोन-चार मापांचा, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. बाकी गाण्यांत तो सजावटीला असतो, इथे सगळं घर त्याच्यावर उभं असतं. गळा हे त्या घरातलं आणखी एक वाद्य.

एवढ्याने भागत नाही, हे मलाही कळतं. डीप पर्पल या रॉक बँडच्या रिफ सगळं जग गुणगुणतं. म्हणून दुसरी अट: ड्रम आणि बेस रिफच्या खाली डोलत राहायचे नाहीत, रिफला धरून तिच्याबरोबर पडायचे. तिघांचा घाव एकाच जागी बसला की ते वजन येतं. डीप पर्पलचा १९७० चा 'इन रॉक' मला फार आवडतो, पण माझ्या लेखी तो उंबरठ्यावर उभा आहे. आत आलेला नाही.

उंबरठा ओलांडला ब्लॅक सॅबथने. बँडच्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला, शुक्रवारी. वाजवून झाला होता एका दिवसात. सुरुवातीला पाऊस, लांबून घंटा, गडगडाट, आणि मग गिटारवाल्या टोनी आयोमीचे तीन स्वर. खालचा सा, वरचा सा, आणि मग त्या दोघांच्या बरोबर मध्ये तीव्र मध्यम. सप्तकाचे दोन सारखे तुकडे करणारा स्वर. कान तिथे टेकत नाही, पुढे कुठेतरी जायला बघतो, आणि आयोमी त्याला जाऊ देत नाही. त्याच स्वरावर बोट थरथरवत ठेवतो. मी गिटारवर सगळ्यात आधी हेच शिकले. बोटं कुठे ठेवायची ते दोन मिनिटांत कळलं. पण वाजवलं की पोकळ वाटायचं. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की मी तिसरा स्वर लवकर सोडत होते. तो अँप्लिफायरच्या गुणगुणीत विरेपर्यंत धरायचा असतो. सगळी भीती त्या धरून ठेवण्यात आहे.

आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे तारा दाबायचाच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, बारीक तारा वापरल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तारा तीन अर्धस्वरांनी, म्हणजे दीड स्वराने उतरवल्या. सैल तार दाबायला सोपी, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. आज जगभर गिटारवाले तारा उतरवून वाजवतात, त्या वाटेच्या सुरुवातीला एक दुखावलेला हात आहे.

मात्र हा पहिला अल्बम सबंध मेटल नाही, हेही सांगायला हवं. दुसरंच गाणं 'द विझर्ड' हार्मोनिकावर सुरू होतं आणि सरळ ब्लूज आहे. 'वॉर्निंग' दहा मिनिटं चालतं, त्यातली निदान चार मी सोडून देते. बिल वॉर्डचे ड्रम तर जॅझसारखे डुलतात, म्हणजे माझी दुसरी अट इथे अर्ध्या वेळी मोडते. पण नावाचं गाणं ऐकावं तेव्हा अंगावर काटा येतो. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं आणि सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. त्या रात्री मी दिवा बंद करून हे एकच गाणं तीनदा लावलं.

ब्लूज पूर्ण धुऊन काढला तो जुडास प्रीस्टने. लोक 'ब्रिटिश स्टील'चं नाव घेतात, मी १९७८ चा 'स्टेन्ड क्लास' घेते. पहिलं गाणं 'एक्सायटर' ड्रमवाल्या लेस बिंक्सच्या दोन्ही पायांनी सुरू होतं आणि ग्लेन टिप्टन, के. के. डाउनिंग यांच्या दोन गिटारी त्या पायांवर अशा बसतात की मध्ये सुई जाणार नाही. मेटलला स्वतःचं शरीर मिळालं ते इथे, असं माझं मत. रॉब हॅलफर्डचा गळा अफाट आहे, आणि भाच्याने लगेच विचारलंच, मग तुझ्या कसोटीचं काय? मी त्याला 'बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ' लावून दिलं. कडव्यात हॅलफर्ड हळू, एकटा गातो, डोळे मिटावेत असं. मग रिफ कोसळते आणि त्याच्या आवाजाला तिच्याबरोबर वर चढावं लागतं. कडवं सुंदर आहे, पण आपण वाट बघतो ती रिफची. या अल्बममधलं 'बेटर बाय यू, बेटर दॅन मी' दुसऱ्या बँडचं गाणं आहे आणि आणून चिकटवल्यासारखंच वाटतं.

आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट', १९८२. यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगते. ब्रूस डिकिन्सनचा हा मेडनबरोबरचा पहिला अल्बम, पण ऐकायचा स्टीव्ह हॅरिसचा बेस. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, न वापरता बोटांनी वाजवलेला, घोडदौडीसारखा. 'हॅलोड बी दाय नेम' शेवटी आहे, तेवढं एक ऐकलंत तरी चालेल. 'गँगलँड' नसतं तर अल्बम आणखी चांगला झाला असता.

आता १९८६. मला कुणी एकच वर्ष निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन, कारण वेगाने मेटल ठरत नाही याचा पुरावा त्या एका वर्षात आहे.

मार्चमध्ये मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला. त्याच्या नावाच्या गाण्याची रिफ मिनिटाला सुमारे २१२ ठोक्यांनी जाते, म्हणजे उजव्या हाताचे सेकंदाला सात आघात, आणि जेम्स हेटफिल्ड ते सगळे वरून खालीच मारतो. वर-खाली मारलं तर हाताला निम्मे कष्ट. पण वर येणारा आघात आधी बारीक तारेला लागतो, हलका पडतो, आणि रिफ लंगडते. खालीच मारलं की प्रत्येक घाव सारखा. तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, तो घुसमटलेला ठोका मिळवायचा, आणि हे साडेआठ मिनिटं करायचं. मी मेट्रोनोम १४० वर लावून सुरुवात केली. दर आठवड्याला चार ठोके वाढवायचे. १८० च्या पुढे मनगटापासून कोपरापर्यंत आग व्हायची. मी आघात कोपरातून मारत होते, मनगट ताठ ठेवून. हात पंधरा दिवस बंद ठेवावा लागला. मग मनगट सैल सोडून, ओला हात झटकतो तसं, पुन्हा १४० पासून. १९६ पर्यंत पोचले. त्यापुढे सबंध गाणं मला कधीच जमलं नाही, आणि म्हणूनच ती रिफ ऐकताना आजही माझा उजवा हात आपोआप हलतो.

याच अल्बममध्ये 'ओरायन' आहे. आठ मिनिटांहून मोठं, आणि गाणारं कुणीच नाही. पण अमुक एक कमी आहे असं एकदाही वाटत नाही. भाच्याला मी म्हटलं, माझी कसोटी पटत नसेल तर एवढं ऐक. मधल्या संथ भागात क्लिफ बर्टनचा बेस पुढे येतो. त्याच सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला, चोविसाव्या वर्षी. ते माहीत असल्यावर तो भाग मला साधेपणाने ऐकता येत नाही.

ऑक्टोबरात स्लेअरचा 'रेन इन ब्लड'. दहा गाणी, एकोणतीस मिनिटं. माझ्याकडे कॅसेट होती. ती उलटली तर पुन्हा तीच दहा गाणी. मला वाटलं माल सदोष आहे. नंतर कळलं की अल्बम इतका छोटा होता की दोन्ही बाजूंवर सगळाच भरला होता. निर्माता रिक रुबिनने आवाजातला घुमारा काढून टाकला, त्यामुळे इतक्या वेगातही प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. 'एंजल ऑफ डेथ'मध्ये सगळे थांबतात आणि डेव्ह लोम्बार्डोचे फक्त पाय धावतात, ते काही क्षण मी हजारदा ऐकले असतील. त्याच गाण्याचे शब्द मात्र मला आजही टोचतात. आउश्वित्झच्या छळछावणीतल्या नाझी डॉक्टर मेंगेलेच्या क्रौर्याची नुसती यादी आहे, आणि गाणारा कुठे उभा आहे ते सांगत नाही. संगीत श्रेष्ठ आहे म्हणून ही टोचणी मी गिळणार नाही. शेवटचं गाणं पावसात सुरू होतं आणि पावसात संपतं. सॅबथच्या अल्बमची सुरुवात आठवा.

आणि त्याच वर्षी स्वीडनच्या कँडलमासचा 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस'. सहाच गाणी, आणि वेग असा की दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास घेऊन सोडता येईल. योहान लेंगक्विस्ट फक्त या अल्बमपुरता गायला आला होता. ऑपेरासारखा भरदार आवाज. पण 'सॉलिट्यूड' ऐकून उठाल तेव्हा ओठांवर त्याचा आवाज नसेल, ती ओढत नेणारी रिफ असेल. एपिक डूम मेटल या उपप्रकाराला नाव या अल्बमवरूनच पडलं. स्लेअर आणि कँडलमास एकामागून एक ऐका. एक धावतो, एक पाय ओढतो, दोघांचं वजन एकच.

डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक', १९९५, हा माझा सगळ्यात लाडका. चक शुल्डिनर गातो ते गुरगुरत, खरवडून, शब्द कळत नाहीत. लोक इथेच दार लावून घेतात. उलट मला वाटतं, हे वाद्य म्हणून ऐकलं की सगळं उघडतं. गळ्याने चाल सोडून दिली, म्हणून सगळी चाल गिटारीकडे आली. 'क्रिस्टल माउंटन'च्या शेवटी साधी अकूस्टिक गिटार येते आणि इतका वेळ आत किती गोडवा होता ते कळतं. जीन होगलनचे ड्रम तर वेगळा लेख मागतात. २००१ मध्ये चक गेला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

व्याख्या करताना मोठमोठ्यांची चूक होते. १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा बक्षीस ठेवलं, आणि मेटॅलिका समोर असताना दिलं जेथ्रो टलला. टल हा उत्तम बँड, पण त्यांचं गाणं गुणगुणायला घेतलं तर बासरी निघते. दुसरीकडे मोटरहेडचा लेमी आयुष्यभर सांगत राहिला की आपण रॉक अँड रोल वाजवतो. मी त्याचं ऐकते. ज्याचं संगीत त्याला विचारलं पाहिजे.

राहिला 'सनबेदर'. पहिले तीन दिवस माझं उत्तर नाही असंच होतं. सुटी रिफ सापडत नव्हती. गिटारींचा सलग ढग, खाली ड्रमचा मारा, आणि जॉर्ज क्लार्कची किंचाळी कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी. चौथ्या दिवशी भांडी आवरताना माझं मलाच ऐकू आलं, मी गुणगुणत होते. 'ड्रीम हाउस'च्या शेवटच्या मिनिटांतली गिटार. नऊ मिनिटांच्या त्या गाण्यातला एक शब्दही मला आठवत नव्हता. गिटार पुढे, गळा मागे, ड्रम गिटारीला धरून. रंग गुलाबी असेना का. 'प्लीज रिमेंबर'मधला गोंगाट मी गाळते, मधले छोटे तुकडे अल्बमचा दम तोडतात असं माझं मत आहे, पण 'ड्रीम हाउस' आणि 'द पेकन ट्री' मी ठेवून घेतली.

भाच्याला आठव्या दिवशी उत्तर दिलं. त्याने मित्रांना काय सांगितलं कोण जाणे. तो सध्या माझी गिटार घेऊन बसलाय, 'मास्टर ऑफ पपेट्स'ची रिफ, नुसते खालचे आघात. मेट्रोनोम १२० वर आहे आणि मनगट ताठ. मनगट सोड, म्हटलं, ओला हात झटकतोस तसं.