बोरिवलीतला पीसी लोअर परळहून उठवताना : सात महिन्यांचा अनुभव

मी इंटिरियर डिझाइनचं काम करते. घर बोरिवलीला, ऑफिस लोअर परळला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात हजेरी लावावी लागते आणि डिझाइनची चित्रं रेंडर करणारं, म्हणजे तयार करून देणारं, जड मशीन असतं घरी, बेडरूमच्या कोपऱ्यात. आधी मी ते सकाळी चालू ठेवूनच निघायचे. एकदा प्लगमध्ये लावायचा मीटर आणून बघितलं, तर काहीही न करता नुसतं बसलेलं हे मशीन सत्तरएक वॉट खात होतं. म्हणजे चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला पन्नास युनिट. झोपवल्यावर जेमतेम तीन वॉट. मग ठरवलं, लागेल तेव्हाच उठवायचं. वेक ऑन लॅन, म्हणजे झोपलेला पीसी नेटवर्कवरून उठवायची सोय, नव्वदच्या दशकापासून आहे, एका रविवारी दुपारी उरकेल असं वाटलं होतं. पहिल्या पावसात हात घातला, नीट बसलं ते दिवाळीच्या तोंडावर.

तत्त्व अगदी सोपं आहे. बंद पीसीचं लॅन कार्ड पूर्ण झोपत नाही, एक कान उघडा ठेवतं. मॅजिक पॅकेट म्हणजे त्या कानात मारलेली हाक. सुरुवातीला सहा बाइट एफएफ, मग त्या कार्डाचा स्वतःचा ओळखपत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस ओळीने सोळा वेळा. सगळं मिळून १०२ बाइट. चाळीच्या गॅलरीत उभं राहून कुणी नावाने हाक मारली की ऐकतात सगळे, पण ओ एकच जण देतो, तसंच. इथे उलट उत्तर मात्र काही येत नाही. हाक पोचली की वाऱ्यावर गेली हे पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

पहिले दोन दिवस घरातल्या घरातसुद्धा जमेना. मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून बटण दाबायचं, पीसी ढिम्म. शेवटी रात्री टेबलाखाली शिरून मोबाईलच्या टॉर्चने मागे बघितलं. लॅनची वायर जिथे खोचतो तिथे दोन बारीक दिवे असतात, दोन्ही विझलेले. कान उघडा असण्याची खूण म्हणजे हे दिवे. पीसी बंद असतानाही त्यातला एक तरी पेटलेला हवा. नसेल तर राउटरमध्ये डोकं घालण्यात काही अर्थ नाही. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ईआरपी नावाचा वीज वाचवण्याचा पर्याय चालू होता, पीसी बंद असताना तो कार्डाचा पुरवठाच तोडतो. तो बंद केला, शेजारचा पीसीआय-ई वरून, म्हणजे बोर्डाला जोडलेल्या कार्डाच्या इशाऱ्यावरून, सुरू होण्याचा पर्याय चालू केला आणि परत टेबलाखाली गेले. हिरवा ठिपका लुकलुकत होता. घरातली सगळी निजली होती, नाहीतर ओरडलेच असते.

तरी पीसी उठला नाहीच. चूक माझी होती, मी वायफाय कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून बसले होते. एका मशीनला दोन कार्डं, दोन वेगळे पत्ते. वायरवाल्याचा टाकला आणि पंखे फिरले.

विंडोजमध्ये तीन गोष्टी बघाव्या लागतात, त्या भराभर सांगते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन पीसी उठवायची परवानगी द्या. तिथेच खाली ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच’ अशा अर्थाची खूण असते, ती विसरू नका. मी विसरले होते, आणि रात्री अडीचला कुणीही न बोलावता मशीन उठायचं. नवरा एकदा दचकून उठून बसला. तिसरी गोष्ट म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ हा खरा शट डाउन राहिलेला नाही, अर्धवट हायबरनेट असतं, आणि त्या अवस्थेतून नेटवर्कवरून उठवणं धरलेलंच नाही. स्लीपमधून उठतो पण शट डाउन केल्यावर उठत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे बंद करा. मी तर आता शट डाउन करतच नाही, स्लीपवर टाकते.

इथवरचा भाग म्हणजे घरातलं भांडण. खरा जीव काढला तो राउटरने.

बाहेरून उठवायचं तर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगतात, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा. पोर्ट म्हणजे राउटरचं एक दार, त्यावर बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या ठरावीक मशीनकडे वळवायचं. यूडीपी ९ हा पोर्ट पीसीच्या आयपीकडे, म्हणजे घरच्या नेटवर्कमधल्या त्याच्या पत्त्याकडे, वळवला, मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून पाठवलं. काहीच नाही. चार संध्याकाळी गेल्यावर राउटरच्या स्टेटस पानाकडे लक्ष गेलं. तिथे वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, १००.७० ने सुरू होत होता आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखलेले आहेत. म्हणजे कंपनीने कितीतरी गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला असतो. पत्रावर नुसतं ‘बोरिवली पश्चिम’ लिहून टाकल्यासारखं झालं, पोस्टमन कुणाच्या दारात जाणार? माझ्या राउटरमध्ये मी शंभर दारं उघडली असती तरी पत्र तिथवर येणारच नव्हतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. मी ती सगळ्यात शेवटी केली.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. पहिल्या तिघांनी मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. चौथ्याने स्टॅटिक आयपी, म्हणजे माझा एकटीचा न बदलणारा पत्ता, म्हटल्यावर ओळखलं, महिन्याला जादा पैसे सांगितले, मी भरले. दोन दिवसांनी पत्ता मिळाला आणि पहिल्याच झटक्यात पीसी उठला! त्या संध्याकाळी मी घरी सगळ्यांना कुल्फी आणली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत शून्य.

हा बिघाड नीट सांगते, कारण या विषयात सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकत असावीत. पीसी झोपवून लगेच बाहेरून पाठवलं की उठायचा. झोपवून, चहा टाकून, पिऊन परत आले की नाही उठायचा. मला आधी वाटलं कार्ड गाढ झोपतंय. पण घरातल्या वायफायवरून तो केव्हाही उठत होता, म्हणजे कार्ड बिचारं जागंच होतं. विसरत होता राउटर. कुठल्या आयपीला कुठला मॅक ही यादी, एआरपी टेबल, राउटर काही मिनिटंच लक्षात ठेवतो. मशीन गप्प झालं की थोड्या वेळाने नोंद पुसली जाते. मग बाहेरून पॅकेट आलं की राउटर आत विचारतो, हा आयपी कुणाचा? ज्याने उत्तर द्यायचं तो झोपलेला. उत्तर नाही, म्हणून पॅकेट फेकून दिलं. ज्याला उठवायचं त्यालाच ‘जागा आहेस का’ विचारायचं आणि तो बोलत नाही म्हणून निरोप टाकून द्यायचा, असला हा वॉचमन.

यावर दोन इलाज असतात. एक, राउटरमध्ये आयपी आणि मॅकची जोडी कायमची बांधून टाकायची. डीएचसीपीमध्ये, म्हणजे राउटर मशीनना पत्ते वाटतो त्या सोयीत, आयपी राखून ठेवणं म्हणजे हे नव्हे, मी तीच गफलत केली होती. ते फक्त पत्ता तोच देतं, एआरपीची नोंद तरीही पुसली जातेच. दोन, पॅकेट १९२.१६८.१.२५५ कडे वळवायचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक. माझ्या राउटरमध्ये बांधायची सोय नव्हती, आणि २५५ टाकलं की लाल अक्षरात ‘चुकीचा पत्ता’. त्यामागे कारण आहे. बाहेरच्याला अशी सरसकट हाक मारू दिली तर तिचा हल्ल्यासाठी वापर होतो, म्हणून १९९९ पासून हे दार मुळातच बंद ठेवायचा दंडक आहे. पटतं, पण त्या वेळी राउटर खिडकीतून फेकावासा वाटला.

शेवटी वेगळी वाट धरली. हाक बाहेरून मारायचीच कशाला? घरात कुणीतरी कायम जागं ठेवायचं आणि निरोप त्याच्याकडे द्यायचा. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा चिमुकला संगणक घेतला, च्युइंग गमच्या पाकिटाएवढा, मोबाईलच्या चार्जरवर चालतो. त्यावर, माझ्या मोबाईलवर आणि पीसीवर टेलस्केल टाकलं, म्हणजे आपली मशीन कुठूनही एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर. आता मोबाईलवरून पायमध्ये शिरते, एक ओळीची आज्ञा देते आणि पाय घरातल्या घरात हाक मारतो. पोर्ट उघडावा लागत नाही, सामायिक पत्त्याने बिघडत नाही, स्टॅटिक आयपीचे पैसे पुढच्याच महिन्यात बंद केले. पीसी उठला की रिमोट डेस्कटॉपही, म्हणजे दुरून पीसीचा स्क्रीन चालवणंही, टेलस्केलवरूनच. त्यासाठी पीसीवर विंडोज प्रो लागतं, विंडोज होमवर चालत नाही. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरमधून थेट उघडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या हातचा चहासुद्धा पिऊ नका.

यातही एक खड्डा होताच. मी शहाणपणा करून पायला गेस्ट वायफायवर ठेवलं होतं. गेस्ट नेटवर्क घरच्या मशीनपासून तोडलेलं असतं, हाक भिंतीच्या पलीकडे जातच नाही. मेन वायफायवर आणल्यावर सुटलं.

ऑगस्टमध्ये एक भलताच प्रकार चालू होता. अंधेरी गेली की लेडीज डब्यात उभ्या उभ्या आज्ञा द्यायचे, म्हणजे ऑफिसात पोचेपर्यंत मशीन तयार. दादरला उतरून स्लो पकडेपर्यंत मशीन परत झोपलेलं. नेटवर्कवरून उठवलं आणि कुणी लॉगिन केलं नाही तर विंडोज मूळ सेटिंगमध्ये दोन मिनिटांत परत निजतं. ही वेळ नेहमीच्या पानावर दिसतही नाही, रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतून, उघडी करावी लागते. मी ती पाऊण तास केली.

त्यानंतर बिघाड फक्त तीनदा झाला. ऑक्टोबरात एका मोठ्या अपडेटनंतर कार्डाचा ड्रायव्हर बदलला आणि माझ्या खुणा उडाल्या, त्या परत केल्या. एकदा इमारतीची वीज गेली. पुरवठा पूर्ण तुटला की माझा बोर्ड एकदा सुरू केल्याशिवाय कार्डाचा कान उघडत नाही. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचा पर्याय दिला, आता वीज आली की मशीन उठतं आणि अर्ध्या तासाने आपलं आपण झोपतं.

तिसऱ्या वेळी मात्र मी ऑफिसात बसून तासभर सगळं तपासलं. टेलस्केलवर पाय दिसेना. राउटर, वीज, इंटरनेट, सगळं ठीक. शेवटी घरी फोन केला.

‘आई, हॉलमध्ये टीव्हीच्या मागे एक छोटी डबी आहे, तिचा दिवा चालू आहे का बघता?’

‘ती होय? अगं, आज तुम्ही दोघं गेल्यावर मी बंद केलं तिचं बटण. कुणी वापरत नसताना वीज कशाला जाळायची!’

बोर्डावरच्या त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे. आणि सासूबाईंना पीसीच्या कॅबिनेटवरचं गोल बटण दाखवून ठेवलंय, गेल्या मंगळवारी इंटरनेटच गेलं होतं तेव्हा त्यांनीच दाबलं. इंटरनेट परत येईपर्यंत त्याचा उपयोग काही नव्हता, पण संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मशीन तयार होतं.