संततधार, लहान घर आणि ओले कपडे: पंखा, डीह्युमिडिफायर की ड्रायर?

चार किलो सुती कपडे मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या स्पिननंतर मशीनमधून काढले, तरी त्यांत साधारण 2.4 लिटर पाणी उरलेलं असतं. बाहेर आठवडाभर ऊन नाही आणि घर एक-दोन खोल्यांचं, म्हणजे हे सगळं पाणी घरातल्या हवेत जाणार. 3 बाय 3 मीटरची, 2.7 मीटर उंचीची बंद खोली घ्या. 25 अंश तापमानाला 80 टक्के आर्द्रता असेल, तर तिथली हवा आणखी जेमतेम 110 ग्रॅम पाणी घेऊ शकते. बाकीचं कपड्यांतच राहतं, नाहीतर गार भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीमागे जाऊन बसतं. त्यामुळे कोणतंही साधन निवडताना पहिला प्रश्न हाच: पाणी शेवटी घराबाहेर कसं जातं?

खरेदीच्या आधी स्पिन बघा

800 फेऱ्यांना त्याच चार किलोंत सुमारे 2.8 लिटर पाणी राहतं, 1400 ला सुमारे 2 लिटर. हे 800 मिलिलिटर मशीन जवळपास फुकटात काढून देतं. तेच हवेत उडवायला अर्ध्या युनिटाहून जास्त ऊर्जा लागते, कारण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.68 युनिट उष्णता खर्च होते. तेव्हा टॉवेल, चादरी, जीन्स यांना वेगळा दुसरा स्पिन द्या. नाजूक कपडे त्यात घालू नका. हाताने पिळलेल्या कपड्यांत यापेक्षा खूपच जास्त पाणी असतं. मशीन नसेल तर निदान नुसतं स्पिन करणारं लहान यंत्र ड्रायरच्या आधी घ्यावं.

पाऊस गार आहे की उबदार?

निम्मा निर्णय इथेच होतो, आणि बहुतेक लोक नेमकं हेच बघत नाहीत. बाहेर 8 अंश आणि 95 टक्के आर्द्रता असली, तरी त्या हवेत घनमीटरला फक्त 8 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तीच हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सुमारे 44 टक्क्यांवर येते. म्हणजे गार पावसात खिडकी किंचित उघडी ठेवणं हाच सर्वांत स्वस्त ड्रायर.

उबदार पावसात हे गणित उलटतं. बाहेर 26 अंश आणि 90 टक्के असेल, तर घनमीटरमागे 22 ग्रॅम पाणी घेऊनच हवा आत येते. घरात 28 अंश असले तरी ती 80 टक्क्यांच्या खाली जात नाही. अशा हवेत कपडे नुसते सादळत राहतात. इथे कितीही पंखे लावा, यंत्राशिवाय पर्याय फारसा उरत नाही.

स्टँड, पंखा आणि एक्झॉस्ट

गार पावसाच्या शहरात पहिली पसंती यालाच. बाथरूमला एक्झॉस्ट असेल तर स्टँड तिथे लावा, दार बंद ठेवा आणि दाराखाली दोनेक सेंटीमीटर फट राहू द्या, नाहीतर एक्झॉस्टला ओढायला हवाच मिळत नाही. छताच्या पंख्यापेक्षा खालून तिरका वारा देणारा टेबल फॅन बरा. ओल कपड्यांच्या खालच्या कडेला साचते, आणि तिथे छताचा वारा कमी पोहोचतो.

दोन कपड्यांमध्ये 5 ते 8 सेंटीमीटर अंतर हवंच. लांब कपडे दोन्ही टोकांना आणि आखूड मधे अशी कमान केली की मधून हवा खेळते. जीन्स उलटी करून, चेन उघडून, कमरेच्या पट्टीत दोन-तीन चिमटे लावून नळीसारखी उघडी टांगा. खिसे बाहेर काढायला विसरू नका, शेवटपर्यंत तेच ओले राहतात.

फसतं ते बंद खोलीत नुसता पंखा लावल्यावर. पहिले काही तास कपडे झपाट्याने वाळतात, मग अडकतात. कपडे फार वेळ ओले राहिले की मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू त्यांवर वाढतो. कुबट वास त्याचाच. सुगंधी द्रव्याने तो झाकला जातो, जात नाही. कापडाला चालत असेल तर 60 अंशांवर धुवावं.

डीह्युमिडिफायर

उबदार पाऊस आणि एक-दोन माणसांचं घर असेल, तर आमचं मत हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करणाऱ्या या यंत्राला. कपड्यांबरोबर पुस्तकं, गाद्या, कपाटं यांचीही ओल जाते. ड्रायर ते करत नाही. पण खोक्यावरचा आकडा जपून वाचा. ‘दिवसाला 12 लिटर’ ही क्षमता बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. 26 अंश आणि 60 टक्क्यांना तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढतं.

लहानात लहान खोली निवडा, दारं-खिडक्या बंद करा, यंत्र भिंतीपासून 20-30 सेंटीमीटर दूर ठेवा आणि त्याचा झोत कपड्यांकडे वळवा. खिडकी उघडी राहिली तर ते बाहेरचा पाऊस वाळवत बसेल. घेतलेली सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते, तेव्हा लहान खोली दोन-तीन अंशांनी तापते. झोपायच्या खोलीत रात्री हे जाचतं. खोली 15 अंशांखाली असेल तर कॉम्प्रेसरच्या यंत्रावर बर्फ धरतो. तिथे डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा प्रकार घ्यावा, तो वीज जास्त खातो.

घरात एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड वापरून बघा: उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर जातात. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र कपाटापुरतेच. कपड्यांच्या लिटरभर पाण्यापुढे ते काहीच नाहीत.

ड्रायर

| 4 किलो सुती कपडे | वीज (युनिट) | वेळ |
|---|---|---|
| टेबल फॅन आणि एक्झॉस्ट, गार पाऊस | 0.5 ते 0.8 | 7 ते 10 तास |
| डीह्युमिडिफायर, 12 लिटरचा | 1.2 ते 1.8 | 6 ते 8 तास |
| हीट पंप ड्रायर | सुमारे 1 | 2 तास किंवा जास्त |
| हीटरचा ड्रायर | 2.3 ते 2.8 | 1 ते दीड तास |

आकडे अंदाजी आहेत, कपड्यांच्या जाडीनुसार हलतात.

हीटरच्या व्हेंटेड ड्रायरला 100 मिलिमीटरची नळी भिंतीबाहेर काढावीच लागते. ती आखूड, गुळगुळीत धातूची आणि कमीत कमी वळणांची हवी. तंतू साचून नळी तुंबली की कपडे ओले राहतात आणि आगीचा धोका वाढतो. भाड्याच्या घरात भिंत फोडायची परवानगी नसेल, तर हा पर्याय बादच.

हीट पंप ड्रायर तीच उष्णता पुन्हापुन्हा वापरतो. त्याला नळी लागत नाही, पण 60 बाय 60 सेंटीमीटरची जागा लागते. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनवर तो चढवता येतो, मात्र त्या मॉडेलचा जोडसंच वापरूनच. जाळी दर वेळी साफ करा. ड्रममधल्या ओल ओळखणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर सॉफ्टनरचा थर बसला की यंत्र भलत्या वेळी थांबतं. महिन्यातून एकदा पट्ट्या व्हिनेगरने पुसाव्यात. रोज कपडे निघणाऱ्या, तान्हं मूल किंवा चार-पाच माणसं असलेल्या घराला हाच परवडतो. आठवड्यातून दोनदा धुणाऱ्याने एवढी जागा अडवू नये.

धुणं-वाळवणं एकाच यंत्रात करणारी जोडमशीनं फक्त जागेपायी घ्यावीत. 8 किलो धुणारं यंत्र वाळवतं 5 किलोच, आणि काही मॉडेलं वाफ थंड करायला नळाचं पाणी ओततात. पाणी वाचवण्याचा हेतू असेल तर हे आधी विचारून घ्या.

डीह्युमिडिफायर ठरलाच, तर दुकानात दोन गोष्टी तपासा. टाकीऐवजी सतत पाणी सोडणारी नळी जोडता येते का, आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र आपणहून परत सुरू होतं का. नुसत्या टच बटणांची कित्येक यंत्रं बंदच राहतात, आणि घरी कोणी नसेल तर संध्याकाळी कपडे तसेच ओले सापडतात.