डेस्कटॉपमध्ये एनव्हीएमई : नागपूरचा मे महिना काढल्यावर

तुळशीचं लग्न लागून सीझन सुरू व्हायच्या आत एक टीबीची एनव्हीएमई बसवली, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसणारी पट्टीसारखी वेगवान एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क). लिहायला मुद्दाम थांबलो, कारण हिवाळ्यात आपल्याकडे सगळीच यंत्रं गुणी असतात.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं. आधी विंडोज, सॉफ्टवेअर, फुटेज, सगळं ७२०० आरपीएमच्या एकाच हार्ड डिस्कवर होतं. ती सलग वाचताना सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते, साटा केबलने जोडायची एसएसडी साडेपाचशेपर्यंत, तर तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. आकडे भारी, पण भावाच्या पीसीत साधी साटा एसएसडी आहे आणि विंडोज तिथेही तेवढंच झटकन उघडतं. खरी सुटका होते ती फिरत्या तबकडीपासून. घरचं काम, टॅली, ब्राउझर एवढंच असेल तर एनव्हीएमईसाठी जास्तीचे पैसे घालू नका. माझे वसूल झाले ते फोर-के टाइमलाइनवर. कॅमेऱ्याच्या कार्डवरून कॉपी करायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. तिथे कार्डच मंद, ड्राइव्ह काय करणार!

बसवणं सोपं आहे. पट्टी खाचेत तिरपी सरकवायची, हात सोडला की ती टोकाशी वर उचललेली राहते, मग दाबून स्क्रू लावायचा. हा ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू बहुतेकदा मदरबोर्डच्या डब्यात येतो, ड्राइव्हच्या नाही. बर्डीवरच्या दुकानदाराने बिल करायच्या आधीच विचारलं, "भाऊ, स्क्रू हाये ना घरी?"

आता उन्हाळा. माझ्या बोर्डावर ही खाच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मधोमध आहे, म्हणजे दोन्हीकडून शेक. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना लांब एक्स्पोर्ट लावला की ड्राइव्हचं तापमान सत्तरच्या वर जायचं आणि ती स्वतःच वेग कमी करायची. दोष तिचा नाही, जीव वाचवायला ती तसंच करते. उष्णता ओढून घेणारा साधा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि कॅबिनेटला पुढून एक पंखा लावला, तेव्हा ती साठीत आली. हीटसिंकच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म आधी काढा, नाहीतर तो नुसता शोभेला. आणि पीसी खोली गार करणाऱ्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओल आणि ताट्यांचा भुगा दोन्ही आत जातात.

माझ्या ड्राइव्हला ६०० टीबी लिहिण्यापर्यंतची वॉरंटी आहे. सीझनभर राबवूनही वीसेक टीबीच झालेत. मला खटकते ती दुसरी गोष्ट. हार्ड डिस्कवरून चुकून उडवलेली फाइल रिकव्हरीवाला बरेचदा काढून देतो. एसएसडीवर ट्रिम (उडवलेल्या फाइलची जागा पुसून मोकळी करणारी सोय) चालू असलं की ती गेलीच समजा. म्हणून डिलिव्हरी होईपर्यंत प्रत्येक लग्नाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असते.

दुसरी एनव्हीएमईही घेणार होतो, पण मॅन्युअल उघडलं तर दुसऱ्या खाचेत काही लावलं की दोन साटा पोर्ट बंद. त्यापेक्षा जुन्या कामासाठी चार टीबीची हार्ड डिस्क जोडली. अशी मोठी डिस्क पहिल्यांदा वापरायला तयार (इनिशियलाइज) करताना विभागणीची जीपीटी पद्धत निवडा, जुन्या एमबीआरमध्ये दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.