दहा रुपयांच्या अर्जासाठी मी १२,३५० रुपये मोजले

माहिती अधिकाराच्या अर्जापायी गेलेला आकडा आधी लिहून टाकतो, कारण तो कबूल करायलाच मला चार महिने लागले. १२,३५० रुपये. बायकोला मी पाच हजार सांगितले होते. खरा आकडा तिलाही आता तुमच्याबरोबरच कळेल.

आणि मी कोण, तर एका पतसंस्थेत २७ वर्षं हिशेबनीस. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासायची, तारीख नाही, सही नाही, शिक्का पुसट आहे म्हणून परत पाठवायची, यावर माझं घर चालतं. त्यामुळे "शिकलेली माणसं कशी काय फसतात" असं म्हणणाऱ्यांमध्ये मीही होतो. आता नाही.

९ जानेवारी २०२५, गुरुवार, आमच्याकडचा बाजाराचा दिवस. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढंच सांगतो. स्प्लेंडर लावून भाजी घ्यायला गेलो, वीस मिनिटांत परत आलो तर जागेवर फक्त ऑइलचा डाग. गुन्हा त्याच संध्याकाळी नोंद झाला, तेवढं श्रेय देतो. भारतीय न्याय संहिता, चोरीचं कलम ३०३(२). हे कलम लक्षात ठेवा.

गाडीचा विमा होता, आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, ५२,०००. कंपनीने मागितलेल्या कागदांत एफआयआर, दोन्ही किल्ल्या, आरसी, आरटीओला दिलेल्या पत्राची पोच आणि 'अ समरी' होती. ज्यांची गाडी गेलीय त्यांना हा शब्द पाठ असतो. गुन्हा खरा आहे पण चोर सापडत नाही, असा अंतिम अहवाल पोलीस कोर्टात पाठवतात आणि मॅजिस्ट्रेट तो मंजूर करतात, ती अ समरी. (ब म्हणजे तक्रारच खोटी. क म्हणजे धड खरीही नाही, धड खोटीही नाही.) तो कागद हातात आल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल मी पोलीस ठाण्यात अकरा हेलपाटे घातले. अकरा, डायरीत लिहिलेत. तपासी अंमलदार बंदोबस्ताला, तपासी अंमलदार कोर्टात, तपासी अंमलदार रजेवर. "काका, गाडी सापडली की फोन करू की. तुम्ही कशाला उन्हातान्हाचं येता?" अहो, पण गाडी सापडत नाही एवढंच लिहून द्या म्हणतोय मी! तपास कुठवर आलाय हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये लिहिलंय. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठाण्यातल्या कुणी सांगितलंही नाही.

१५ एप्रिलला, अकराव्या खेपेनंतर, ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर तो भेटला. भेटला कसला, बसलेलाच असतो तिथे. सगळे त्याला 'अध्यक्ष' म्हणतात. गळ्यात ओळखपत्र, त्यावर तीन सिंह आणि लाल अक्षरांत 'माहिती अधिकार'. ठाण्यातून बाहेर येणारा हवालदार त्याच्याकडे बघून हसला आणि त्याच्याच कपातला अर्धा चहा पिऊन गेला. मी फसलो तो इथे, त्या अर्ध्या चहावर. मला वाटलं, आपण अकरा वेळा आत जाऊन जे झालं नाही, ते हा बाहेर बसून करतो.

तो म्हणाला, "काका, मागून मिळत नसतं. माहिती अधिकार टाकला की दोन दिवसांत टेबलावर."

इथे सांगून ठेवतो: कायद्यात 'माहिती अधिकार कार्यकर्ता' असं कुठलंही पद नाही. अर्ज कुणीही नागरिक करू शकतो, कार्ड लागत नाही. खासगी माणसाने कार्डावर तीन सिंह छापणं हाच मुळात गुन्हा आहे. गळ्यात असलं कार्ड दिसलं की चहाचे पैसे द्या आणि उठा.

मी उठलो नाही. त्याच दिवशी १,५०० रोख, 'वकिलाकडून मसुदा आणि एफआयआरची सर्टिफाइड कॉपी' म्हणून. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते, हे माझ्या घरातल्या प्रतीवरच शिक्क्यासकट दिसत होतं, तरी दिले. दोन दिवसांनी ७०० रोख: ५०० चा स्टॅम्प पेपर, २०० नोटरी. माहिती अधिकाराला प्रतिज्ञापत्र लागतच नाही. मग २,३५० 'शासकीय शुल्क', हे यूपीआयने, एका मल्टी सर्व्हिसेसच्या खात्यावर. त्याची निळी पावतीही मिळाली, गोल शिक्का मारलेली. शासकीय शुल्क खासगी दुकानाच्या खात्यावर का, हा प्रश्न मी पतसंस्थेत शिपायालाही विचारला असता.

खरं शुल्क किती? दहा रुपये. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, झालं. प्रतींचे पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाचे तेही लागत नाहीत.

मे महिन्यात 'कोर्टातल्या बाबूला' म्हणून ३,००० रोख. याबद्दल पुढे लिहितो, लिहावंसं वाटत नाही तरी. शेवटचे ४,८०० यूपीआयने, 'तातडी शुल्क'. म्हणे कायद्यात ४८ तासांची तरतूद आहे. आहे ना, पण ती माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर, आणि तिला वेगळं शुल्क नाही. स्प्लेंडर काही कुणाचा जीव नव्हे. असले लोक निव्वळ खोटं बोलत नाहीत, खऱ्या कलमाला खोटं बिल जोडतात.

पैसे का देत गेलो? मुलगा एमआयडीसीत शिफ्टला जातो, रात्रीची एसटी नाही, रोज कुणाच्या तरी मागे बसून येत होता. शिवाय आधीचे साडेचार हजार गेलेले असतात, ते बुडू नयेत म्हणून पुढचे तीन हजार जातात. कर्जदारांना मी हेच समजावत आलोय.

२२ मेला त्याने टपरीवरच कागद हातात दिला. 'अ समरी मंजूर', जावक क्रमांक, सही, गोल शिक्का. मी उभ्या उभ्या वाचला. वर गुन्हा क्रमांक बरोबर, गाडीचा नंबर बरोबर, आणि कलम लिहिलेलं: भा.दं.वि. ३७९.

मी थांबलो. खोटं सांगत नाही, थांबलो. पिशवीत माझा एफआयआर होता, त्यावर ३०३(२). भा.दं.वि. म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, तिच्यात चोरीचं कलम ३७९; ती जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, चोरी माझी जानेवारी २०२५ ची, मग ३७९ कुठून आलं? मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "काका, कोर्टात अजून दोन्ही चालतात. टायपिस्ट जुना आहे." आणि मी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

गेले चार महिने रात्री झोप मोडते ती या क्षणाने. प्रश्न माझ्याच तोंडून निघाला होता. पुरावा माझ्याच पिशवीत होता. टपरीपासून कोर्ट चालत दहा मिनिटं. मी तो कागद घेऊन कोर्टात गेलो असतो तर निदान पुढचं टळलं असतं. पण मला उत्तर नकोच होतं, मला काम संपायला हवं होतं.

२७ मेला साताऱ्याला विमा कार्यालयात कागद दिला. काउंटरवरची मुलगी, माझ्या मुलीच्या वयाची, तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, ११ मेला रविवार होता ना?"

आदेशाची तारीख ११ मे २०२५. रविवार. पतसंस्थेत रविवारच्या तारखेचं व्हाउचर मी फेकून मारतो. ३७९ च्या नादात तारीख मी पाहिलीच नव्हती.

कंपनीने कोर्टात विचारणा केली, असा जावक क्रमांकच नाही असं उत्तर आलं. आता कंपनीचं मला पत्र आहे: बनावट दस्तऐवज सादर केल्याबद्दल खुलासा करा. म्हणजे गाडी माझी गेली, पैसे माझे गेले, आणि संशयित मी.

तक्रार द्यायला त्याच ठाण्यात गेलो. आधी ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब आल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "तुम्ही खुशीने पैसे दिले, त्याने काम केलं नाही, ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, "साहेब, कोर्टाचा खोटा शिक्का मारलाय, ही दिवाणी बाब कशी?" त्यांनी कागद पाहिला, परत दिला, आणि विचारलं, "ते तीन हजार कशाचे?" मी गप्प. "म्हणजे तुम्ही लाच दिली असं लिहून देताय? देणाराही आरोपी होतो, माहीत आहे ना?" भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते खरं आहे. दबावाखाली द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका, आणि माझे सात दिवस कधीच उलटले होते. मी घरी येऊन अर्जात ते ३,००० 'इतर खर्च' म्हणून लिहिले. २७ वर्षांत पहिल्यांदा 'इतर खर्च' या खात्याचा अर्थ कळला. कुणी 'बाबूला द्यायचेत' म्हणालं तर त्याच क्षणी लाचलुचपत विभागाचा १०६४ लावा. असा चोर तुमच्याकडून आधी लाच काढतो, म्हणजे पुढे तुमचं तोंड आपोआप बंद.

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नव्हते. मी बाकावर दोन तास बसलो, तेव्हा शिक्का मिळाला. एफआयआर आजतागायत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड एडीने अर्ज पाठवला, त्याची पोचपावती आली, बाकी काही आलं नाही. तीन सिंहांचं कार्ड ठाण्याच्या दारात रोज फिरतं, ते मात्र कुणाला दिसत नाही. यूपीआयचे पैसे अडवायला बँकेत गेलो तर उशीर झालेला. यूपीआयने गेलं असेल तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, आठवड्याने नाही. मी महिन्याने केला, लाजेपायी.

मग २ जूनला मी स्वतः माहिती अधिकाराचा अर्ज केला. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, तसा आपल्या राज्याचा नियम आहे. 'गुन्हा क्रमांक अमुकमध्ये अंतिम अहवाल कोर्टात पाठवला असल्यास त्याची प्रत, दिनांक व जावक क्रमांक.' "ही माहिती कशाला हवी?" असं आवक कारकुनाने विचारलं. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, तसं सांगितलं. खर्च दहा रुपये.

उत्तर ३० दिवसांत द्यायचं, ते ७ जुलैच्या तारखेचं आलं: तपास प्रलंबित असल्याने कलम आठ-एक-एचनुसार माहिती देता येत नाही. हे वाक्य ते सगळ्यांना चिकटवतात. घाबरू नका. नुसता तपास चालू आहे हे कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगतसिंग प्रकरणातला निकाल आहे. तो लिहून मी पहिलं अपील केलं, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, तारीख चुकवू नका.

ऑगस्टमध्ये सुनावणी झाली आणि चार पानं मिळाली. आठ रुपये. त्यात दिसलं की माझ्या गुन्ह्याचा अंतिम अहवाल कोर्टात पाठवला २९ जुलैला. म्हणजे माझं अपील पोहोचल्यावर. जानेवारीपासून तो कुणी लिहिलाच नव्हता. अध्यक्ष जो कागद दोन दिवसांत आणणार होता, तो तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हता.

दहा, वीस आणि आठ मिळून अडतीस रुपये. समरी मंजूर झाली की कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रत मीच काढणार आहे. विम्याचा खुलासा दिलाय, उत्तर नाही. मुलगा अजून दुसऱ्याच्या मागे बसून कामाला जातो.

परवा टपरीवरून जाताना अध्यक्षाने हाक मारली, "काय काका, दिसत नाही हल्ली." समोर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर दवाखान्याची फाइल. मी त्यांच्याजवळ जाऊन एवढंच म्हणालो, "ताई, दहा रुपये लागतात. स्टॅम्प कोर्टाच्या आवारात मिळतो." त्या उठल्या की नाही ते पाहायला मी थांबलो नाही.

तालुक्यात आणखी कुणाकडे त्या मल्टी सर्व्हिसेसची निळी पावती असेल तर मला भेटा. माझी पावती क्रमांक ८७ आहे, म्हणजे आधी शहाऐंशी जण असावेत. मिळून अर्ज दिला तर दिवाणी बाब म्हणायला साहेबांना जरा जड जाईल.