लावणीच्या शिवारात न्यायची आमटी: हुलगा की मसूर?

आषाढात भाताच्या रोप लावणीला पैऱ्याची, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणारी, माणसं यायची ठरली की घरात आधी जेवणाचा विषय निघतो. भाकरी आणि भात ठरलेला. आमटी कसली करायची यावर मात्र दरवर्षी खल होतो आणि आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात तो शेवटी दोन कडधान्यांवर येऊन थांबतो: हुलगा (म्हणजे कुळीथ) किंवा अख्खा मसूर. पावट्याची खरी मजा थंडीत, ओल्या शेंगा येतात तेव्हा. राजमा आमच्या माणसांच्या जिभेवर अजून बसलेला नाही. उरलेल्या या दोघांची आमटी वीस-पंचवीस माणसांसाठी मी आळीपाळीने बरीच वर्षं केली आहे. ज्यांचं यंदा ठरत नसेल त्यांच्यासाठी लिहितो.

मसुराची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात भात कापला की जमिनीत राहिलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. तिथला मसूर मिळाला तर तोच घ्यावा. रविवार पेठेत दुकानदाराला गावठी मसूर आहे का म्हणून विचारायला लाजू नका. कानडी दुकानदार डाळीला चनंगी म्हणेल. आपल्याला सालीसकट अख्खा दाणा हवा, हे स्पष्ट सांगावं. मसूर भिजवायचा राहून गेला तरी अडत नाही. पहाटे पाचला उठून ठरवलं तरी सातच्या आत भगुणं उतरवता येतं. बोअरच्या जड पाण्यात बाकीची कडधान्यं रुसून बसतात, मसूर त्यातही शिजतो. फोडणीत लसूण, संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि थोडं सुकं खोबरं एवढं पडलं की वास शेजारच्या परड्यापर्यंत जातो.

हुलगा त्यामानाने त्रास देतो. पहिला त्रास खड्यांचा. त्यातले खडे दाण्याच्याच रंगाचे आणि दाण्याएवढेच असतात, सुपात निवडताना डोळ्याला फसवतात. म्हणून नुसतं निवडून भागत नाही, पाण्यात रोळून घ्यावा लागतो. भगुण्यात भरपूर पाणी घालून हाताने हलवायचं, वर तरंगत फिरणारे दाणे ओंजळीने दुसऱ्या भांड्यात घ्यायचे आणि तळाला बसलेलं ते टाकायचं. मी हे तीनदा करतो. दिवसभर चिखलात वाकलेल्या माणसाच्या दाताखाली माझ्या आमटीतला खडा यावा, हे मला सहन होत नाही. दुसरा त्रास वेळेचा. दहा-बारा तास भिजल्याशिवाय तो नीट शिजत नाही आणि दोन-तीन वर्षं कोठीत पडलेला असेल तर भिजवूनही कडक राहतो. कुकरमध्ये कडधान्य अर्ध्याच्या वर भरू नये, नाहीतर फेस वर येऊन शिट्टीत अडकतो. म्हणून पंचवीस माणसांचा हुलगा घरच्या दहा लिटरच्या कुकरात दोन खेपांनी शिजवावा लागतो. थोडक्यात, हुलगा करायचा तर आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असावं लागतं.

अंगाला काय लागतं म्हणाल तर प्रथिनं दोन्हीत जवळपास सारखीच, 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम हुलग्यात बरंच जास्त. पण त्यावरून मी काही ठरवलं नाही.

माझं ठरलं ते एका दुपारी. आमचं शेत घरापासून दीड-दोन किलोमीटर, शेवटचा टप्पा बांधावरून चालत. त्या वर्षी मसुराची आमटी केली होती आणि चुलीवरून उतरवली तेव्हा ती अगदी हवी तशी होती, ओगराळ्यातून सरळ धार पडणारी. दुधाच्या स्टीलच्या कॅनमध्ये भरली, झाकणावर ओलं फडकं बांधलं आणि साडेदहाला घर सोडलं. पाऊस लागून राहिला होता. एक वाफा संपल्याशिवाय कोणी वर येत नाही, त्यामुळे जेवायला एक वाजला. कॅन उघडला तर आमटी थिजली होती. ओगराळं घातलं तसं उभं राहिलं. मसुराची साल पातळ, दाणा फुटून त्यातलं पिष्ट पाण्यात उतरतं आणि आमटी निवायला लागली की घट्ट होत जाते. घरी जेवायला बसलो असतो तर तांब्याभर गरम पाणी घालून सारखी केली असती. शिवारात गरम पाणी आणायचं कुठून? होतं ते गार पाणी घातलं. त्याने ती सैल झाली, पण एकजीव झाली नाही. तिखट-मीठ हललं आणि होती नव्हती ती ऊबही गेली.

कोणी काही बोललं नाही. भाकरीवर घेऊन सगळ्यांनी खाल्ली. पण पैऱ्यातल्या एक वयस्कर मावशी इरलं बाजूला ठेवून बसल्या होत्या, सकाळपासून पाण्यात राहून त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी प्यायला म्हणून पेला पुढे केला आणि माझ्याकडे पेल्यात ओतण्यासारखं काही नव्हतं. ते मला फार लागलं. लावणीच्या जेवणातली आमटी ही भाताला कालवण एवढ्यापुरती नसते. ती दोन्ही हातांत पेला धरून आधी प्यायची असते, मग जेवायचं असतं.

पुढच्या वर्षी मी मसूर मुद्दाम पातळ केला. मग दाणे तळाला बसले, पहिल्या दहा जणांना वरचं पाणी मिळालं आणि शेवटच्यांना गोळा. त्याच्या पुढच्या वर्षी गरम पाण्याचा थर्मास वेगळा नेला. त्याने काम झालं, खोटं कशाला बोलू, पण निसरड्या बांधावरून भाकरीचं टोपलं, भाताचं भगुणं, कॅन आणि वर थर्मास अशी चार ओझी झाली. आमच्याकडे तेवढे हात नव्हते. ज्यांच्याकडे आहेत किंवा ज्यांच्या शेताला रस्ता लागून आहे, त्यांनी खुशाल मसूर करावा.

हुलग्याचं कट मात्र कॅनमध्ये दोन-अडीच तास राहिलं तरी ओततं राहतं. तळाला थोडा साका बसतो, कॅन हलवला की तो मिसळतो. कारण त्याच्या करण्यातच आहे. हुलग्याची साल जाड, दाणा मऊ झाला तरी फारसा विरघळत नाही, आणि आपण घेतो ते मुख्यतः शिजवलेलं पाणी. पंचवीस जणांना मी सव्वा किलो हुलगा आणि आठ लिटरच्या आसपास पाणी धरतो. कुकरमध्ये मावेल तेवढंच पाणी घालून हुलगा पूर्ण मऊ शिजवायचा, चाळणीवर ओतून कट खाली काढायचं आणि राहिलेलं पाणी गरम करून त्यात घालायचं. दाण्यांतले दोन-तीन मुठी पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये वाटून कटात परत मिसळायचे; अंगाला धरेल इतका दाटपणा तेवढ्याने येतो. मग तेलात भरपूर ठेचलेला लसूण, जिरं, कढीपत्ता, रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी. गुळाचा लहान खडा. आमसूल अगदी शेवटी घालायचं, कारण आंबट आधी पडलं तर कुठलंही कडधान्य शिजायला वेळ लावतं. आमसूल घातलेलं कट अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका.

आणि चाळणीत राहिलेल्या दाण्यांची कांदा-मिरची घालून सुकी उसळ होते. भाकरीत गुंडाळून हातावर देता येते, ताटं लागत नाहीत. एका शिजवण्यात प्यायचं आणि खायचं दोन्ही मिळतं, हे वाटतं तितकं लहान कारण नाही. पूर्वेकडे गोकाक, अथणीच्या कोरडवाहू भागातले आमचे पाहुणे हुरळीचं सारू असंच करतात, फक्त आमसुलाऐवजी चिंच घालतात. तेही छान लागतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लावणी आणि आषाढी एकादशी जवळपास येतात. पैऱ्यात माळकरी असतील तर आधी विचारून घ्या; आमच्यातले दोघं मसूर खात नाहीत. त्यांच्यासाठी मी लसणाच्या फोडणीआधीच हुलग्याच्या कटाचं छोटं भांडं बाजूला काढतो आणि त्यात हिंग-जिऱ्याचीच फोडणी घालतो. त्यांची उसळही कांद्याशिवाय वेगळी ठेवतो.

मसूर कुठे सरस, हेही सांगायला हवं. घट्ट असल्यामुळे तो मध्यात जास्त वेळ गरम राहतो, हे मी हाताने पाहिलं आहे. लहान मुलांना हुलग्याचा उग्र वास नको असतो, मसूर ती दोनदा मागून घेतात. जेवण घरातच, चुलीजवळ असेल, पाहुणे अचानक आले असतील किंवा कोणाच्या घरी दुःख झालंय आणि तासाभरात डबा पोचवायचा आहे, तर मीही मसूरच करतो. जवळच्या घरी पाच मिनिटांत पोचणाऱ्या डब्यात तो थिजत नाही.

यंदाचा हुलगा मी मृगातच आणून उन्हाची एक उघडीप मिळाली तशी वाळवून ठेवला आहे. लावणीच्या आदल्या दिवशी दुपारी रोळायला घेईन, संध्याकाळी सहाला भिजत टाकेन. कॅनसोबत पेले मात्र पंचवीसऐवजी तीस नेतो, कारण शेजारच्या बांधावर लावणी करणारेही वास आला की येऊन बसतात.